शिक्का लवकर, हकालपट्टी सावकाश

डेबियन या लिनक्स डिस्ट्रोची (लिनक्स आणि त्यावरचं सॉफ्टवेअर एकत्र बांधून वाटणाऱ्या प्रकल्पाची) तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली तेव्हा तिच्यात जवळजवळ ७० हजार पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. कागदोपत्री प्रत्येकाला कुणी ना कुणी मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, आहे. पण पॅकेज बांधणारा वेगळा आणि मुळात ते सॉफ्टवेअर लिहिणारा, म्हणजे अपस्ट्रीम, वेगळा. पहिला जागेवर असला तरी दुसरा कधीचाच निघून गेलेला असू शकतो, आणि तो गेला आहे हे वापरणाऱ्याला कळावं अशी धड सोय मोठ्या डिस्ट्रोंतही नाही. ॲप्ट किंवा डीएनएफ या पॅकेज बसवणाऱ्या साधनांना सांगितलं की लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड, निमूट येऊन बसते. मागच्या महिन्यात दुरुस्त झालेली आणि दहा वर्षांत कुणी हात न लावलेली, दोन्ही सारख्याच दिसतात. नावावरून अंदाज बांधायला जावं तर तेही फसवं. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी, म्हणजे मजकुरात नमुने शोधण्यासाठी, लागणाऱ्या पीसीआरईचंच बघा. डेबियनमध्ये वर्षानुवर्षं ‘पीसीआरई३’ नावाचं पॅकेज म्हणजे जुनी पीसीआरई होती, २०२१ साली ८.४५ वर कायमची थांबलेली. आणि ‘पीसीआरई२’ म्हणजे नवी, चालू असलेली. तीन हे दोनपेक्षा जुनं!

अशी एखादी लायब्ररी काढायचा प्रस्ताव आला की वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू म्हणते, हिला वाली नाही, बग पडून आहेत, काढून टाका. दुसरी म्हणते, चालतंय ना, मग कशाला हात लावता? मला वाटतं इथे दोन निर्णयांची गल्लत होते. ‘हिला आता वाली उरला नाही’ असं जाहीर करणं हा एक निर्णय. ‘ही यापुढे मिळणार नाही’ असं ठरवणं हा दुसरा. पहिल्यात नुसती वस्तुस्थिती सांगायची असते, ती कळेल त्या दिवशी सांगावी. दुसरा कुणाच्या तरी चालू कामाच्या मुळावर येणारा, त्याला वेळ द्यावा, आणि काही बाबतीत भरपूर वेळ द्यावा. प्रत्यक्षात बरेचदा उलटं होतं. वर्षानुवर्षं कुणी अवाक्षर काढत नाही आणि मग एका आवृत्तीत लायब्ररी धाडकन गायब होते.

बर्कली डीबीची गोष्ट यासाठी नीट बघण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, जन्मलेली ही लायब्ररी. सर्व्हर नाही, एसक्यूएल नाही. प्रोग्रॅमच्या पोटात बसून किल्ली आणि मूल्य अशा जोड्या फाइलमध्ये लिहायच्या आणि मागितल्यावर परत द्यायच्या, एवढंच काम, पण ते चोख. १९९६ मध्ये तिच्यासाठी स्लीपीकॅट नावाची कंपनी निघाली आणि २००६ मध्ये ती ओरॅकलने घेतली. तोवर ही लायब्ररी जिथे बघाल तिथे होती. आरपीएम या पॅकेज-व्यवस्थेची बसवलेल्या पॅकेजांची नोंदवही तिच्यात, पोस्टफिक्स या मेलसर्व्हरचे तक्ते तिच्यात, ओपनएलडीएपी या डिरेक्टरी सर्व्हरचा डेटा तिच्यात, लॉगिन तपासणाऱ्या सायरस सास्लचे पासवर्ड तिच्यात. मग २०१३ मध्ये ओरॅकलने सहाव्या आवृत्तीला एजीपीएल परवाना लावला. बदल केलेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून सेवा देत असेल तर त्याचा सोर्सही वापरणाऱ्यांना खुला करा, अशी या परवान्याची अट. ती लायब्ररीच्या वाटेने डझनावारी प्रोग्रॅमांच्या गळ्यात पडणार होती. मोठ्या डिस्ट्रो ५.३ वरच थांबल्या.

थांबल्या हे बरोबरच केलं. चुकलं ते पुढे. ५.३ वर थांबायचं म्हणजे त्या शाखेला इथून पुढे अपस्ट्रीम नाही, हे २०१३ मध्येच उघड होतं. फेडोरा या डिस्ट्रोने तिच्यावर डेप्रिकेटेडचा, म्हणजे ‘यापुढे वापरू नका’ असा, शिक्का मारला तो तेहतिसाव्या आवृत्तीत, २०२० साली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने मारला नवव्या आवृत्तीत, २०२२ साली. मधल्या काळात नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणालाही तिच्याशी जोडून घ्यायला आडकाठी नव्हती. माझी तक्रार या सात-नऊ वर्षांबद्दल आहे. लायब्ररी इतकी वर्षं ठेवली म्हणून नव्हे, काही न सांगता ठेवली म्हणून.

एक गोष्ट मात्र फेडोराच्या बाजूने सांगायला हवी. शिक्का मारला त्याच आवृत्तीत त्यांनी आरपीएमची स्वतःची नोंदवही एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसवर नेली. म्हणजे इतरांना घर सोडा म्हणताना स्वतःचं बिऱ्हाड आधी हलवलं. (नोंदवही बिघडली की तिच्या शेजारच्या तात्पुरत्या फाइली उडवून ‘रीबिल्ड डीबी’ हा आदेश चालवायची ज्यांना सवय झाली होती, त्यांना तर सुटल्यासारखं झालं असणार.)

आता हीच लायब्ररी काढली की नेमकं काय मोडतं ते जवळून बघू. पोस्टफिक्सच्या मांडणीत अलायसेसच्या, म्हणजे टोपणपत्त्यांच्या, तक्त्यापुढे ‘हॅश’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ तो तक्ता बर्कली डीबीच्या फाइलीत आहे. पोस्टफिक्स त्या लायब्ररीशिवाय बांधला की ‘हॅश’ ही ओळखच पुसली जाते. ‘अनसपोर्टेड डिक्शनरी टाइप’ असं लॉगमध्ये लिहून तो अडतो आणि मेल तुंबायला लागतं. ऐकायला भयंकर, पण निस्तरायला सोपं. कारण तक्त्याची मूळ टेक्स्ट फाइल शेजारीच असते. ‘हॅश’च्या जागी ‘एलएमडीबी’ (दुसऱ्या तशाच लायब्ररीचं नाव) लिहायचं, तक्ते पुन्हा बांधायचे, गाडी रुळावर. सास्लच्या पासवर्डांचं तसं नाही. तिथे टेक्स्टमधली मूळ प्रत नसतेच. जे काही आहे ते त्या एका बायनरी फाइलीत, आणि ती वाचणारी लायब्ररीच गेली तर फाइल डिस्कवर असून नसल्यासारखी. रेड हॅटने नवव्या आवृत्तीत सास्ल जीडीबीएम या दुसऱ्या लायब्ररीवर नेलं तेव्हा जुन्या फाइली नव्या स्वरूपात वळवायचं साधनही सोबत दिलं, ते याचसाठी. ओपनएलडीएपीने २.५ मध्ये बर्कली डीबीवरची दोन्ही बॅकएंड, म्हणजे डेटा साठवायच्या सोयी, काढून टाकली. तिथे जुन्या आवृत्तीत असतानाच स्लॅपकॅट हा आदेश चालवून सगळा डेटा एलडीआयएफ या टेक्स्ट स्वरूपात उतरवून घ्यावा लागतो. अपग्रेड झाल्यावर आठवण झाली तर उतरवणार कशाने?

तेव्हा लायब्ररी किती जुनी, बग किती, यापेक्षा मी आधी एवढंच विचारीन: ही नुसता कोड आहे, की कुणाच्या डेटाची एकमेव किल्ली आहे? नुसता कोड असेल तर ती गेल्याने प्रोग्रॅम बंद पडेल, चिडचिड होईल, लोक दुसरं काही शोधतील. किल्ली असेल तर डेटा बाहेर काढायचं साधन डिस्ट्रोत पोचून एक पूर्ण आवृत्ती उलटल्याशिवाय तिला हात लावू नये. मग तिच्यात दहा बग का असेनात.

‘चालतंय ना’ म्हणणाऱ्यांची मी थट्टा करणार नाही. काही कोड खरोखरच लिहून पूर्ण झालेला असतो. डोनल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये २०१४ नंतर थेट २०२१ मध्ये दुरुस्त्या झाल्या, आणि म्हणून टेकला वाली नाही असं कुणी म्हणणार नाही. शेवटचं प्रकाशन कधी झालं हा प्रश्नच चुकीचा. बग कळवला तर पलीकडून कुणी उत्तर देतं का, हा खरा प्रश्न. डिस्ट्रोंमधले काही उत्साही लोक ‘पाच वर्षांत कमिट (कोडमध्ये नोंदवलेला बदल) नाही’ एवढ्यावर लायब्ररी मेली असं ठरवतात. ते मला आळशीपणाचं वाटतं.

पण पलीकडे कुणीच नसेल, तर ‘चालतंय’ हे अर्धसत्य आहे. कोड तसाच राहतो, भोवतालचं सगळं बदलतं. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ हा कंपायलर (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बांधणारं साधन) आला. आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वी नुसती ताकीद मिळायची, आता ती चूक ठरते आणि बांधणी तिथेच थांबते. पुढच्या वर्षी जीसीसी १५ ने सी भाषेचं सी२३ हे मानक मुळातच गृहीत धरलं. जुन्या सी भाषेत फंक्शन जाहीर करणाऱ्या ओळीत रिकामा कंस असला तर त्याचा अर्थ ‘आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची मूल्यं) किती ते सांगितलेलं नाही’. सी२३ मध्ये त्याच रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही नाही’. कॉलबॅकचे (नंतर बोलवायच्या फंक्शनचे) पॉइंटर अशा रिकाम्या कंसांनी लिहायची एके काळी सर्रास पद्धत होती. अक्षरही न बदलता असा कोड एका रात्रीत चुकीचा झाला. त्यात २०३८ सालाचा प्रश्न. वेळ मोजणारा ३२ बिटांचा आकडा त्या वर्षी जानेवारीत ओसंडतो, म्हणून डेबियनने तेराव्या आवृत्तीआधी बहुतेक ३२-बिट आर्किटेक्चरांवर तो ६४ बिटांचा केला आणि शेकडो लायब्रऱ्यांची पॅकेजं नव्या नावांनी पुन्हा बांधली.

म्हणजे वाली नसलेल्या लायब्ररीलाही हात लावावाच लागतो. लावतो कोण? तिचं पॅकेज बांधणारा, ज्याने तो कोड लिहिलेला नाही आणि कदाचित पूर्ण वाचलेलाही नाही. यातून काय होऊ शकतं ते डेबियनने एकदा भोगलेलं आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीत व्हॅलग्राइंड या तपासणी-साधनाच्या ताकिदी येत होत्या, त्या बंद करायला पॅकेजमध्ये एक छोटा बदल केला गेला. त्या बदलाने यादृच्छिक आकड्यांचा जवळजवळ सगळा स्रोतच बंद पडला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. त्यामुळे एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी शक्यता राहिल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास, ज्या कुणीही बसल्या बसल्या मोजून काढाव्यात. हे उघडकीस आलं मे २००८ मध्ये. आणि तेव्हा ओपनएसएसएलला अपस्ट्रीम होता, बदल करण्याआधी त्याच्याकडे विचारणाही झाली होती. जिथे विचारायलाच कुणी नाही तिथे असा पॅच किती वर्षं बिनबोभाट पडून राहील?

‘जुनं होतं म्हणून वाचलो’ असंही ऐकू येतं, विशेषतः लॉगफोरजे या जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीबद्दल. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल या तिच्यातल्या त्रुटीने धुमाकूळ घातला तेव्हा भोक होतं ते दुसऱ्या शाखेत. पहिली शाखा ती सांभाळणाऱ्या अपाची या संस्थेने ऑगस्ट २०१५ मध्येच बंद केली होती, आणि तिच्यावर अडून बसलेल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार दिवस टिकला नाही. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, पहिल्या शाखेतल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या आणि अपाचीचं उत्तर ठरलेलं होतं: ही शाखा बंद आहे, दुसरीवर या. वाली नसलेल्या लायब्ररीत भोकं कमी सापडतात कारण शोधणारे कमी असतात. शोधाशोध सुरू झाली की सापडतात, आणि सापडल्यावर बुजवणारा नसतो.

इतकं असूनही मी ‘ताबडतोब काढा’ म्हणत नाही, त्याचं कारण डेटापुरतं नाही. डिस्ट्रोने काढली म्हणून लायब्ररी जगातून जात नाही. ज्याला ती हवी तो तिची प्रत आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात भरतो, कंटेनरमध्ये कोंबतो, स्टॅटिक जोडतो. डिस्ट्रोत होती तोवर एक पॅच टाकला की सगळ्यांची दुरुस्ती होत होती. पोटात गेल्यावर ती कुठे कुठे आहे हेच कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीतली त्रुटी निघाली तेव्हा डिस्ट्रोतली लायब्ररी झटपट दुरुस्त झाली, पण इलेक्ट्रॉन या ॲप बांधायच्या चौकटीवर बांधलेल्या प्रत्येक ॲपला आपापली आवृत्ती वेगळी काढावी लागली. लिबवेबपी तर जिवंत, सांभाळलेली लायब्ररी. वाली नसलेलीची अशी गत झाली तर कोण धावणार? घाईची हकालपट्टी धोका कमी करत नाही, नजरेआड करते.

मग शिक्का कसा असावा? फेडोरात पद्धत अशी की पॅकेजच्या स्पेक फाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलीत) ते डेप्रिकेटेड असल्याची एक ओळ टाकतात, आणि त्यानंतर कुठल्याही नव्या पॅकेजने त्याच्यावर अवलंबून राहू नये असा नियम आहे. उत्तम नियम आहे. पण ती ओळ पॅकेज बांधणाऱ्यांनी वाचायची. डीएनएफने ते बसवणाऱ्याच्या पडद्यावर काही उमटत नाही. डेबियनकडे आधार संपलेली पॅकेजं दाखवणारा ‘चेक सपोर्ट स्टेटस’ नावाचा सरळ आदेश आहे, पण तो ज्या पॅकेजमध्ये येतो ते मुद्दाम बसवावं लागतं, आणि ज्याला ते बसवायचं सुचतं त्याला बहुधा त्याची गरज कमी असते. जेंटू ही डिस्ट्रो सगळ्यात रोखठोक: पॅकेज मास्क करून, म्हणजे बसवण्यापासून अडवून, साधारण ३० दिवसांची नोटीस देतात आणि मग काढतात. बसवायला गेलात की मास्कचं कारण समोर येतं. कारण दाखवायची ही पद्धत सगळ्यांनी उचलावी. ३० दिवसांची मुदत मात्र उचलू नये.

पडद्यावरची सूचना कामाला येते याचा पुरावा पायथन २ ने दिलेला आहे. मूळ मुदत २०१५ ची होती, ती २०१४ मध्ये वाढवून २०२० केली. जानेवारी २०१९ पासून पायथनची पॅकेजं बसवणारा पिप दर वेळी चालवताना सांगायचा की १ जानेवारी २०२० ला पायथन २.७ चं आयुष्य संपतंय. लोक वैतागले. दर वेळी तीच ओळ, लॉगमध्ये तीच ओळ. पण मुदत संपल्यावर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय कुणाला उरली नाही. आणि डेबियनने ते आवृत्तीतून पूर्ण काढलं २०२३ मध्ये, बाराव्या आवृत्तीत. घोषणा आधी, स्मरण सतत, काढणं शेवटी. क्रम असा हवा.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. वाली नसलेल्या लायब्रऱ्यांची यादी जाहीर करणं म्हणजे हल्लेखोरांच्या हातात पत्ते देणं, असं म्हणतात. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण लगेच पुढे येतं. तिथे एकट्या, थकलेल्या मेंटेनरच्या शेजारी ‘जिया टॅन’ हे नाव घेऊन कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस बनून वावरलं आणि मार्च २०२४ मध्ये, एसएसएचचं (दूरच्या मशीनवरचं) लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरच्या नजरेत आलं म्हणून, मागचं दार सापडलं. पण ते दार बसवणाऱ्याला कुठल्या यादीची गरज पडली नव्हती. दमलेला माणूस कुठे आहे हे त्याने स्वतः शोधलं. अंधारात होते ते वापरणारे. माहिती लपवल्याने नेमका चुकीचा पक्ष अडाणी राहतो. उलट, एखाद्या लायब्ररीवर शिक्का असेल तर तिच्यात अचानक उगवलेल्या नव्या, उत्साही मेंटेनरकडे चार डोळे जास्त लागतील.

दुसरं नेहमीचं वाक्य: ‘हवी असेल तर तुम्हीच सांभाळा.’ कंपनीला हे जरूर म्हणावं. जिचा धंदा त्या लायब्ररीवर चालतो तिने माणूस द्यावा, पैसे द्यावेत. पण मेलसर्व्हर चालवणाऱ्या एकट्या माणसाला ‘सी शिका आणि बर्कली डीबी सांभाळा’ असं सांगणं म्हणजे त्याला गप्प बस म्हणणंच झालं. तो डिस्ट्रो वापरतो ते हे काम स्वतः करता येत नाही म्हणूनच.

काही वेळा याहून चांगली वाट असते. गेम आणि मल्टिमीडियासाठीच्या एसडीएल १.२ चं शेवटचं प्रकाशन २०१२ मध्ये झालं. तिच्यावर लिहिलेल्या जुन्या गेमना नवा कोड कुणी लिहून देणार नव्हतं, काहींचा तर सोर्सच उपलब्ध नव्हता. मग एसडीएलवाल्यांनीच एक पातळ थर लिहिला: बाहेरून एसडीएल १.२, आत सगळं काम एसडीएल २ कडे. फेडोराने २०२१ मध्ये, पस्तिसाव्या आवृत्तीत, मूळ लायब्ररी काढून हा थर तिच्या जागी बसवला. जुन्या गेमना पत्ताही लागला नाही. दर लायब्ररीला असं जमणार नाही, थर लिहायलाही माणूस लागतोच. पण शिक्का मारताना ‘असा थर शक्य आहे का’ हा प्रश्न तिथेच लिहून ठेवला तर एखाद्याला तो लिहायची बुद्धी तरी होईल.

पुढचा उमेदवार समोरच आहे: जीटीके २. शेवटचं प्रकाशन २.२४.३३, डिसेंबर २०२० मधलं. त्याच महिन्यात जीटीके ४ आलं. जीटीके मुळात चित्रं संपादणाऱ्या ज्या गिंपसाठी लिहिलं गेलं तो गिंपच जीटीके २ वर सर्वांत जास्त रेंगाळलेल्या मोठ्या प्रोग्रॅमांपैकी एक, आणि मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० ने तेही सोडलं. जीटीके २ ही पडद्यावर खिडक्या आणि बटणं रेखाटणारी लायब्ररी, तिच्यात कुणाचा डेटा अडकलेला नाही. डेबियन १३ मध्ये ती अजून आहे आणि बर्कली डीबी ५.३ सुद्धा. माझ्या हाती असतं तर दोन्हींवर शिक्का आजच मारला असता, बसवणाऱ्याच्या पडद्यावर दिसेल असा. जीटीके २ पुढच्या आवृत्तीत काढली असती आणि राहिलेल्या प्रोग्रॅमांच्या तक्रारी ऐकून घेतल्या असत्या. बर्कली डीबीला मात्र, तिच्या फाइली वाचून टेक्स्टमध्ये उतरवणारं साधन प्रत्येक अपग्रेडच्या आधी आपोआप चालेपर्यंत, हात लावला नसता.